जुन्या युनिक्सवर टेप वाचणे आणि लिहिणे : आधी काय, नंतर काय

पंचवीस-तीस वर्षे कपाटात शांत पडलेली टेप बहुधा वाया जाते ती शेवटच्या अर्ध्या तासात. कोणीतरी ती उत्साहाने ड्राइव्हमध्ये सरकवतो, थेट टार (फाइली एकत्र बांधणारी आणि उलगडणारी कमांड) चालवतो, मध्येच अडतं, पुन्हा चालवतो, पुन्हा अडतं. तिसऱ्या खेपेपर्यंत टेपवरचा ऑक्साइडचा थर ड्राइव्हच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) उतरलेला असतो. कमांड बरोबर असतात, पण क्रम चुकतो. म्हणून या लेखात भर क्रमावर आहे. उदाहरणे मुख्यतः सनओएस ४ (सन कंपनीचे युनिक्स) चालवणाऱ्या सन यंत्रावरची आहेत. टेप तीन प्रकारच्या धरल्या आहेत: पाव इंची क्यूआयसी कार्ट्रिज, ४ मिलिमीटरची डॅट आणि अर्ध्या इंचाची नऊ-ट्रॅक रीळ.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

सगळ्या लेखाचा आधार एकच नियम आहे: टेपवरून आधी कच्ची प्रत (बाइट जसेच्या तसे डिस्कवर) घ्यायची, उलगडायचे ते त्या प्रतीवरून. टेप नीट फिरण्याची खात्री एकाच फेऱ्याची धरा.

## १. ड्राइव्हला हात लावण्याआधी

पहिले काम लेखनबंदीचे. क्यूआयसी कार्ट्रिजच्या कोपऱ्यात एक फिरती खुंटी असते, तिचा बाण 'सेफ'कडे वळवा. डॅटवर छोटी पट्टी सरकवून भोक उघडे करा. भोक उघडे म्हणजे टेप सुरक्षित. नऊ-ट्रॅक रिळाच्या मागची प्लास्टिकची कडी काढून टाका. कडी नसेल तर ड्राइव्ह लिहूच शकत नाही. कीबोर्डवर एक्स आणि सी ही अक्षरे शेजारी-शेजारी आहेत. टारला एक्स म्हणजे 'बाहेर काढ' आणि सी म्हणजे 'नव्याने लिही'. या एका बोटाच्या अंतरापुढे तुमची सावधगिरी टिकेलच असे नाही, खुंटी मात्र टिकते.

मग लेबलाचे फोटो काढा, दोन्ही बाजूंचे आणि डबीच्या आतल्या कागदाचेही. 'टार, बी १२६' असे पेन्सिलीने खरडलेले तीन शब्द पुढे दोन तास वाचवतात.

आता टेपची तब्येत पाहा. क्यूआयसी कार्ट्रिजमध्ये दोन्ही चकत्या फिरवणारा एक लवचीक पट्टा असतो आणि जुन्या कार्ट्रिजमध्ये सर्वात आधी तोच जातो. पारदर्शक झाकणातून पाहा: पट्टा सैल पडला आहे का, टेपला चिकटला आहे का, तुटला आहे का. तसे असेल तर कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये घालू नका. ती उघडून दुसऱ्या, टाकाऊ पण धड कार्ट्रिजमधला पट्टा बसवावा लागतो. हे काम हाताला सवय होईपर्यंत रिकाम्या टेपांवरच करून पाहा.

कोकणपट्टीत किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या टेपेवर बुरशी असू शकते. कडेला पांढुरकी भुकटी दिसली किंवा डबी उघडताच कुबट वास आला, तर ती टेप वेगळी ठेवा. बुरशीची एक टेप हेड खराब करते आणि मग तो ड्राइव्ह पुढच्या चांगल्या टेपाही खराब करतो. कडेवर चिकटपणा जाणवत असेल तर बाइंडर (ऑक्साइड टेपेला चिकटवून ठेवणारा थर) ओलावा शोषून बिघडला आहे. अशा टेपा ठरावीक मंद उष्णतेत सुकवून वाचतात, पण ते काम जाणकाराकडे द्या. घरच्या ओव्हनचे तापमान भरवशाचे नसते.

तपासा: टेप थंड खोलीतून आणली असेल तर ड्राइव्ह जिथे आहे त्याच खोलीत एक दिवस राहू द्या.

## २. ड्राइव्ह

टेपचा आकार ड्राइव्हमध्ये बसतो म्हणजे ड्राइव्ह ती वाचतो असे नाही. क्यूआयसी-२४ मध्ये ९ ट्रॅक आणि सुमारे ६० मेगाबाइट असतात, क्यूआयसी-१५० मध्ये १८ ट्रॅक आणि १५० मेगाबाइट. आर्काइव्ह कंपनीचा व्हायपर २१५०एस क्यूआयसी-२४ वाचतो, पण त्या स्वरूपात लिहू शकत नाही. हा फरक विसरल्यामुळे जुन्या सन-३ यंत्रासाठी टेप बनवणारे हमखास अडतात: इकडे लिहिलेले तिकडे वाचले जात नाही. डॅटमध्येही पिढ्या आहेत. डीडीएस-१ च्या ड्राइव्हला डीडीएस-३ ची टेप वाचता येत नाही.

क्यूआयसी ड्राइव्ह बराच काळ बंद असेल तर आतला रबरी रोलर बोटाने तपासा. जुना रोलर विरघळून डांबरासारखा होतो आणि टेपवर काळे चट्टे उमटवतो. तसा असेल तर आधी रोलर बदला. हेड शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेडिकलमधल्या पाणी मिसळलेल्या स्पिरिटने ते काम होत नाही. डॅट आणि ८ मिलिमीटरच्या ड्राइव्हमध्ये हेडचा ढोल फिरता असतो. तिथे कापसाची काडी घालू नका, क्लीनिंग कार्ट्रिजच वापरा.

क्यूआयसी ड्राइव्हमध्ये आणखी एक जागा पुसावी लागते, ती म्हणजे टेपच्या टोकाची भोके ओळखणारा प्रकाश-सेन्सर. या कार्ट्रिजमध्ये टेप चकतीला घट्ट बांधलेली नसते, नुसती गुंडाळलेली असते. सेन्सरवर धूळ असेल तर ड्राइव्हला टोक कळत नाही आणि टेप चकतीवरून सुटून बाहेर येते.

स्कझी (ड्राइव्ह एका साखळीत यंत्राला जोडण्याची पद्धत) जोडणी यंत्र बंद ठेवूनच करा. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (साखळी बंद करणारा जोड) हवा, मध्ये कुठेही नको. सन यंत्रांवर पहिल्या टेप ड्राइव्हचा क्रमांक रूढीने ४ असतो.

सावध: ड्राइव्हची पहिली चाचणी मौल्यवान टेपेवर कधीच करू नका. टाकाऊ टेपेवर लिहा, वाचा, बाहेर काढून हेड पुन्हा पुसा. कापसावर तपकिरी डाग आला तर ड्राइव्ह किंवा ती टेप, दोघांपैकी कोणीतरी आजारी आहे.

## ३. डिव्हाइसचे नाव : न-रिवाइंड आणि घनता

एकाच ड्राइव्हला युनिक्स अनेक नावे देते. '/डेव्ह/आरएसटी०' हे नाव वापरले तर कमांड संपताच टेप आपोआप सुरुवातीला जाते. '/डेव्ह/एनआरएसटी०' वापरले तर टेप जिथल्या तिथे थांबते. सनओएस ४ वर शेवटचा आकडा घनताही ठरवतो: एनआरएसटी० आणि एनआरएसटी८ हा एकच ड्राइव्ह, घनता वेगळी.

इतर प्रणालींवरची न-रिवाइंड नावे: सोलॅरिसवर '/डेव्ह/आरएमटी/०एन', एचपी-यूएक्सवर '/डेव्ह/आरएमटी/०एमएन', एआयएक्सवर '/डेव्ह/आरएमटी०.१', लिनक्सवर '/डेव्ह/एनएसटी०'. एसजीआयच्या आयरिक्सवर क्यूआयसी टेपेची नेहमीची नावे बाइटांची अदलाबदल करतात. तिथे 'एनएस' असलेले नाव घ्या.

चूक इथे अशी होते. पाच आर्काइव्ह (फाइलींचे बांधलेले गठ्ठे) एकामागून एक लिहायचे असतात, नाव रिवाइंडवाले दिले जाते, आणि प्रत्येक नवे आर्काइव्ह आधीच्यावर लिहिले जाते. पाचही कमांड निर्धोक संपतात. टेपेवर उरते फक्त पाचवे.

दुसरी चूक रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून काम करणाऱ्यांची. 'एनआरएसटी'ऐवजी 'एनआरटीएस' टाइप झाले तर युनिक्स तक्रार करत नाही, डेव्ह डिरेक्टरीत त्या नावाची साधी फाइल तयार करून तिच्यात लिहीत सुटते. टेप हलत नाही आणि थोड्याच वेळात रूट डिस्क (प्रणालीची मूळ डिस्क) भरल्याचा संदेश येतो. तसे दिसले तर आधी डेव्हमध्ये अवाढव्य साधी फाइल आहे का ते पाहा.

तपासा:
एमटी -एफ /डेव्ह/एनआरएसटी० स्टेटस
एमटी ही टेप हलवणारी आणि तिची स्थिती सांगणारी कमांड आहे. उत्तरात फाइल क्रमांक ० आणि ब्लॉक क्रमांक ० दिसायला हवेत.

## ४. ताण सारखा करणे

क्यूआयसी टेप वाचण्याआधी एकदा टोकापर्यंत नेऊन परत आणावी:

एमटी -एफ /डेव्ह/आरएसटी० रीटेन्शन

यामुळे वर्षानुवर्षे एकाच जागी दाबलेल्या टेपेचा ताण सर्वत्र सारखा होतो. वाचनातल्या कितीतरी चुका एवढ्यानेच जातात. पण ही धाव वेगाची आणि पूर्ण लांबीची असते, म्हणून पट्ट्याची शंका असेल तर ती आधी दूर करा. डॅटला याची गरज नाही.

## ५. रेकॉर्ड किती मोठे?

लोक सर्वात जास्त इथे चुकतात, म्हणून जरा थांबून.

नऊ-ट्रॅक, डॅट आणि ८ मिलिमीटरच्या टेपेवर डेटा रेकॉर्डांच्या तुकड्यांत असतो आणि तुकड्याची लांबी लिहिणाऱ्याने ठरवलेली असते. युनिक्समध्ये एक वाचन म्हणजे एक रेकॉर्ड. तुम्ही मागितलेला आकार रेकॉर्डपेक्षा मोठा असेल तर पूर्ण रेकॉर्ड मिळते. लहान असेल तर काही प्रणाली चूक दाखवतात आणि काही उरलेला भाग मुकाट्याने टाकून देतात. लिनक्सवर अशा वेळी 'मेमरी मिळत नाही' असा गोंधळात टाकणारा संदेश येतो. त्याचा रॅमशी काही संबंध नसतो.

म्हणून आधी डीडी या कच्चे बाइट उतरवणाऱ्या कमांडने एकच रेकॉर्ड उचला (बीएस म्हणजे एका वाचनात मागितलेला आकार):

डीडी आयएफ=/डेव्ह/एनआरएसटी० ओएफ=नमुना बीएस=६३के काउंट=१

६४ऐवजी ६३ यासाठी की काही जुने ड्रायव्हर ६४ किलोबाइटला अडखळतात. 'नमुना'च्या जागी कोणतेही फाइलनाव द्या आणि मग एलएस -एल ने तिचा आकार पाहा. १०२४० आला तर टारचा नेहमीचा आकार: ५१२ बाइटांचे २० ब्लॉक. जुना डंपही (पूर्ण फाइल-सिस्टिमची प्रत घेणारी कमांड) बहुधा १०२४०च लिहितो. ५१२० म्हणजे सीपीआयओला (टारसारखीच दुसरी कमांड) मोठा बी देऊन लिहिलेली टेप असण्याचा संभव. बरोबर ६४५१२ आला तर दोन शक्यता: रेकॉर्ड खरोखर तेवढेच आहे, किंवा त्याहून मोठे आहे आणि तुम्हाला कापलेला तुकडा मिळाला आहे. मोठा बीएस देऊन पुन्हा पाहा. प्रत्येक नमुन्यानंतर टेप रिवाइंड करायला विसरू नका.

क्यूआयसीवर ही चाचणी काहीच सांगत नाही. तिथे टेपेवर सगळे ५१२ बाइटांचे ठरीव ब्लॉक असतात आणि तुम्ही मागाल तेवढे एकत्र मिळतात. फक्त बीएस ५१२च्या पटीत हवा.

लिनक्सवर ड्राइव्ह बदलत्या लांबीच्या पद्धतीत आहे याची खात्री करा:

एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० सेटबीएलके ०

सावध: एकाच टेपेवर वेगवेगळ्या फाइलींचे रेकॉर्ड-आकार वेगळे असू शकतात. पीडीपी-११ या जुन्या यंत्रावरच्या २.११बीएसडी या युनिक्सच्या वितरण टेपेवर बूटचा भाग ५१२ बाइटांच्या रेकॉर्डांत, त्यानंतरचे डिस्कलेबल, एमकेएफएस यांसारखे स्वतंत्र प्रोग्राम १०२४ च्या, आणि रूटचा डंप व टार फाइली १०२४० च्या रेकॉर्डांत असतात. हे आकार नोंदले नाहीत तर पुन्हा लिहिलेली टेप पाहायला तंतोतंत सारखी असेल, पण बूट होणार नाही. बीएसडी आणि सनओएसवर टीकॉपी ही कमांड असते. तिला फक्त मूळ टेपेचे नाव दिले तर ती प्रत्येक फाइलीतले रेकॉर्ड-आकार छापून देते. मात्र त्यासाठी ती पूर्ण टेप वाचते, म्हणून नाजूक टेपेवर आधी प्रत, मग टीकॉपी.

## ६. कच्ची प्रत

टेप रिवाइंड करा आणि एकेक फाइल उतरवा:

डीडी आयएफ=/डेव्ह/एनआरएसटी० ओएफ=फाइल० बीएस=६३के
डीडी आयएफ=/डेव्ह/एनआरएसटी० ओएफ=फाइल१ बीएस=६३के

असे करत राहा. प्रत्येक डीडी पुढच्या फाइलमार्कपर्यंत (टेपेवरची फाइल संपल्याची खूण) वाचून थांबते. शून्य बाइटांची फाइल आली की दोन फाइलमार्क लागोपाठ आले, म्हणजे नऊ-ट्रॅकवर डेटा संपला. क्यूआयसी आणि डॅटवर 'पुढे काही नाही' अशी चूक येते, ती अपेक्षितच आहे.

प्रत्येक डीडीनंतर स्टेटस पाहा. फाइल क्रमांक एकाने वाढला नसेल तर टेप फाइलमार्कच्या अलीकडे अडली आहे. 'एमटी -एफ /डेव्ह/एनआरएसटी० एफएसएफ १' देऊन ती पुढे न्या. टेप कुठे थांबते याचे नियम युनिक्सच्या बीएसडी आणि सिस्टिम फाइव्ह या दोन परंपरांत वेगळे आहेत. सोलॅरिसवर नावात 'बी' जोडला की बीएसडीची वागणूक मिळते. अंदाजाने चालू नका, दर वेळी क्रमांक पाहा.

डीडी शेवटी जे आकडे छापते ते वहीत उतरवा. '१२०+०' म्हणजे १२० पूर्ण वाचने. '०+१२०' म्हणजे १२० वाचने झाली, प्रत्येक मागितलेल्यापेक्षा लहान. ही चूक नव्हे, रेकॉर्ड लहान आहे एवढाच अर्थ.

सावध: वाचताना चूक आली की 'कन्व्ह=नोएरर,सिंक' लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. बदलत्या लांबीच्या टेपेवर तो घातक आहे. सिंक प्रत्येक लहान रेकॉर्डच्या मागे शून्ये भरून ते बीएसएवढे करते. १०२४० च्या प्रत्येक रेकॉर्डमागे पन्नासेक हजार शून्ये शिरली की ते आर्काइव्ह कोणत्याही टारला वाचता येत नाही. सिंक लावायचेच असेल तर बीएस खऱ्या रेकॉर्डएवढाच ठेवा.

चूक आल्यावरचा क्रम असा: थांबा, हेड पुसा, ताण सारखा करा, फक्त तीच फाइल पुन्हा वाचा. तरी जमले नाही तर दुसरा ड्राइव्ह. हेड किंचित तिरके असलेल्या ड्राइव्हवर लिहिलेली टेप दुसऱ्या, चांगल्या ड्राइव्हवर अडू शकते आणि तिसऱ्यावर सुरळीत वाचली जाते. एकाच ड्राइव्हवर दहादा घासण्यात अर्थ नाही.

सनओएस ४ वर एका फाइलीची मर्यादा २ गिगाबाइट आहे. डॅट किंवा एक्साबाइटच्या ८ मिलिमीटर टेपेवरची एक फाइल त्याहून मोठी असू शकते. तेव्हा डीडीने वाचलेला डेटा आरएसएचने (दूरच्या यंत्रावर काम करवणारी कमांड) दुसऱ्या यंत्रावर पाठवा. पाइपमधून जाताना रेकॉर्डांच्या सीमा पुसल्या जातात, म्हणून आकार आधी नोंदलेला हवा. सीमा जपूनच साठवायचे असेल तर सिमएच एम्युलेटरचे टेप-स्वरूप सोयीचे आहे: प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर ४ बाइटांत लांबी, आणि शून्य लांबी म्हणजे फाइलमार्क.

शेवटी बेरीज-खूण (चेकसम) घ्या. 'सम' ही कमांड टाळा. बीएसडीची आणि सिस्टिम फाइव्हची सम एकाच फाइलीला वेगळे उत्तर देतात. नव्या यंत्रावर सीकेसम किंवा एमडी५ वापरा.

## ७. ओळखणे आणि उलगडणे

आता टेप डबीत. पुढचे सगळे प्रतीवर.

आधी 'फाइल' ही कमांड चालवा, मग ओडी -सी ने पहिले काहीशे बाइट पाहा. सुरुवातीलाच फाइलीचे नाव, मग शून्ये आणि थोड्या अंतराने अष्टमान आकडे दिसले तर टार. २५७ व्या बाइटपासून 'युस्टार' असेल तर ते १९८८ च्या पॉझिक्स मानकातले टार. नसेल तर त्याआधीचे, पण वाचता येते दोन्ही. सुरुवात ०७०७०७ किंवा ०७०७०१ या अक्षरांनी होत असेल तर सीपीआयओ.

नावे वाचता येतात पण अक्षरे जोडीजोडीने उलटी, म्हणजे 'यूएनआयएक्स'चे 'एनयूएक्सआय', असे दिसले तर बाइट अदलाबदल झाली आहे: डीडीला 'कन्व्ह=स्वॅब' द्या.

टार. पहिली कमांड नेहमी टी, म्हणजे फक्त यादी. यादीत नावे तिरप्या रेघेने सुरू होत असतील तर सावध व्हा. जुने टार ती रेघ काढत नाही. रूट म्हणून उलगडलेत तर तुमच्या यंत्राची पासवर्ड फाइल १९८९ सालची होईल. रिकाम्या डिरेक्टरीत, साध्या वापरकर्त्याने आणि जीएनयू टारने उलगडा.

सीपीआयओ. 'आउट ऑफ फेज, गेट हेल्प' हा संदेश आला की लोक टेप खराब ठरवतात. बहुतेकदा हेडर अक्षरी असते आणि -सी द्यायचे राहिलेले असते, किंवा बाइट उलटे असतात. डिरेक्टरी बनवायला -डी आणि मूळ तारखा ठेवायला -एम लागते, नाहीतर सगळ्या फाइली आजच्या तारखेच्या होतात.

डंप. 'रिस्टोअर आयव्हीएफ' दिले की आत फिरून हव्या त्या फाइली निवडता येतात. टेपवरूनच वाचायची वेळ आली तर लक्षात घ्या: रिस्टोअरचा एस पर्याय (टेपेवरची कितवी फाइल ते सांगणारा) फाइली १ पासून मोजतो आणि स्टेटस ० पासून. डंप ज्या फाइल-सिस्टिमचा आहे त्या कुळातलेच रिस्टोअर हवे.

## ८. लिहिणे

जुन्या यंत्राला काही पोचवायचे असेल तर टार घ्या आणि साधेच ठेवा. जुन्या टारमध्ये नावाची मर्यादा मार्गासह १०० अक्षरे असते. आधी त्या डिरेक्टरीत सीडी करून '.' द्या, म्हणजे नावे सापेक्ष राहतात.

टार सीव्हीएफबी /डेव्ह/एनआरएसटी० १२६ .

अक्षरांचा क्रम आणि पुढच्या मूल्यांचा क्रम एकच हवा: एफ आधी तर डिव्हाइस आधी, बी आधी तर आकडा आधी. अदलाबदल झाली तर टार चूक दाखवते किंवा '१२६' नावाची फाइल करून मोकळी होते. १२६ हा आकडा (एका रेकॉर्डमधले ५१२ बाइटांचे ब्लॉक) क्यूआयसीवर वेगासाठी चांगला. ड्राइव्हला सलग डेटा मिळाला नाही तर टेप सारखी मागे-पुढे होते आणि झिजते. पण नऊ-ट्रॅक किंवा डॅट अनोळखी यंत्रावर वाचायची असेल तर २० च ठेवा.

क्यूआयसीवर लिहिता येते ते फक्त अगदी सुरुवातीपासून किंवा डेटाच्या शेवटापासून. टारचा आर पर्याय (जुन्या आर्काइव्हला जोडणारा) तिथे चालत नाही. सुरुवातीपासून लिहायला लागलात की पहिला ट्रॅक लिहितानाच टेपेची पूर्ण रुंदी पुसली जाते, मग दोनच किलोबाइट का लिहिले असेनात. शेवटी जोडायचे असेल तर आधी 'एमटी -एफ /डेव्ह/एनआरएसटी० ईओएम' आणि लगेच स्टेटस.

रूट डिस्क टारने घेऊ नका. मूळ टार डिव्हाइस फाइली घेत नाही. तिथे डंप, तोही सिंगल-युजरमध्ये. डंपला टेपेची लांबी आणि घनता सांगितली नाही तर ते अर्ध्या इंचाचे जुने रीळ समजून मध्येच नवी टेप मागते. एक्साबाइटसाठी रूढ असलेली ओळ:

डंप ०यूएफएसडीबी /डेव्ह/एनआरएसटी० ६००० ५४००० १२६ /

डॅटवर ड्राइव्हचे अंगभूत कॉम्प्रेशन बंद ठेवा, पहिल्या पिढीचे काही ड्राइव्ह ते उलगडू शकत नाहीत. आर्काइव्ह अखंड कॉम्प्रेस करणेही टाळा. एक ब्लॉक गेला की त्यापुढचे सगळे जाते; साध्या टारमध्ये तीच एक फाइल जाते.

## ९. पडताळणी

कमांड चूक न दाखवता संपली म्हणजे टेप लिहिली गेली असे धरू नका. रिवाइंड करा, ड्राइव्हमधून बाहेर काढा, लेखनबंदी लावा, पुन्हा आत घाला आणि डीडीने पूर्ण वाचून सीएमपीने मूळ आर्काइव्हशी ताडून पाहा. दुसरा ड्राइव्ह उपलब्ध असेल तर ही पायरी त्याच्यावरच करा.

लेबलवर तारीख, यंत्र, प्रणाली, ड्राइव्ह, फाइलींची संख्या, प्रत्येकीचा प्रकार आणि रेकॉर्ड-आकार लिहा, आणि वाचणारी पूर्ण कमांडही. टेप ठेवताना अर्धवट गुंडाळलेली ठेवू नका. क्यूआयसी असेल तर एकदा ताण सारखा करून, पूर्ण रिवाइंड करून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत उभी ठेवा. दमट गावात ती पुडी दर पावसाळ्यानंतर बदला.